जुनी फोर बाय फोर पिकअप: आधी कागद, मग चेसिस, इंजिन सगळ्यात शेवटी

विचारणारे पुण्याजवळचे आहेत, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने काम करायची हौस आहे, जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी पिकअप घेऊन वर्ष-दोन वर्षांत हळूहळू नीट करायचीय. कोणती घ्यावी, बघताना काय बघावं, खर्च किती धरावा आणि मेकॅनिकी येत नसेल तर जमेल का, असे चार प्रश्न आहेत. उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळं त्यातूनच निघतं. जुनी पिकअप घेताना आपण पैसे मोजतो ते कागद आणि चेसिससाठी, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यासाठी, इंजिनासाठी नाही. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स दुसरा मिळतो, सीट-रंग-काचा तर कधीही होतात, पण कुजलेली चेसिस आणि घोळाचे कागद हे दोन दुखणे असे की पैसे ओतत राहायचं आणि हातात काही येत नाही. लोक बरोब्बर उलटं करतात, बॉनेट उघडतात, इंजिन चालू करतात, धूर बघतात, हॉर्न वाजवतात आणि व्यवहार करतात. खाली कोणी वाकूनसुद्धा बघत नाही.

आता कोणती घ्यायची. आपल्याकडे फोर बाय फोर पिकअप मुळात कमीच विकल्या गेल्या त्यामुळं यादी छोटी आहे. महिंद्राची बोलेरो कॅम्पर फोर डब्ल्यूडी, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटाची झेनॉन आणि त्याच्याही आधीची टेल्कोलाइन. शिवाय जुन्या जीपच्या घराण्यातल्या, मागे हौदा असलेल्या गाड्या कुठे कुठे मिळतात. तुम्हाला स्वतः शिकायचंय म्हणताय तर माझं मत स्पष्ट आहे, डीआय, म्हणजे साध्या डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिनची कॅम्पर घ्या. ते २५२३ सीसीचं इंजिन इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या वंशातलं, त्यामुळं तालुक्याच्या गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्रीसुद्धा त्याला ओळखतो, लायनर-पिस्टनपासून हेड गॅसकेटपर्यंत सगळं सहज मिळतं आणि जुन्या डीआयमध्ये कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, पंपाला डिझेल आणि नोझलला प्रेशर मिळालं की गाडी चालू. पळायला मंद आहे, हायवेवर ऐंशीच्या वर आवाजाने जीव नको होतो, हे मान्य करूनच घ्यायची.

गेटअवे आणि झेनॉन या दोन्ही चालवायला कितीतरी चांगल्या. गेटअवे २००७ मध्ये आली, नंतरच्यांमध्ये २.२ चं एमहॉक इंजिन आहे, झेनॉनमध्ये २.२ डायकॉर आहे १४० पीएसचं, ताकद भरपूर. पण दोन्ही कॉमनरेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन, तेव्हा इंजेक्टर, रेल, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग हे सगळं आलं, आणि फोर बाय फोर बटणावर आहे. बटण फिरवलं, डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतायत असं अजिबात समजू नका. ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढच्या चाकांकडेही वळवणाऱ्या पेटीवर, एक छोटी मोटर असते जी आतला गिअर सरकवते, वर्षानुवर्षं वापरली नाही तर तीच जाम होते, नाहीतर तिचा कनेक्टर हिरवा पडतो. विकणारा सांगतो की फक्त फ्यूज गेलाय. फ्यूज गेला असता तर त्यानेच बदलून जास्त पैसे मागितले असते ना. टेल्कोलाइन फोर बाय फोर आवडली असेल तर घ्या, पण पुढच्या एक्सलचे आणि ट्रान्सफर केसचे भाग शोधण्यातच हौस संपते, म्हणून पहिली गाडी म्हणून मी तरी सांगणार नाही.

जीप घराण्यातल्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली, आणि तोच सांगाडा पुढे कितीतरी दशकं थोड्याफार बदलाने चालत राहिला, म्हणून एक्सल, हब, ट्रान्सफर केस यांचे भाग आजही कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, दिल्लीच्या काश्मिरी गेटला मिळतात. या गाड्या म्हणजे शिकायची शाळाच, सगळं उघडं, सगळं लोखंड. फक्त एक अडचण, या इतक्या हातांतून गेलेल्या असतात की पुढचा एक्सल एका गाडीचा आणि मागचा दुसरीचा असं सर्रास सापडतं. काही जीपला क्राउन-पिनियनचं (एक्सलच्या आतल्या मुख्य गिअरच्या जोडीचं) प्रमाण ५.३८ तर काहींना ४.८८, आणि पुढे-मागे वेगळं बसलं तर टू व्हीलमध्ये काहीच कळत नाही, फोर व्हील टाकली की गाडी स्वतःशीच भांडते, लिव्हर अडकतो आणि शेवटी ट्रान्सफर केस फुटतो. तपासायचं सोपं आहे. गिअर न्यूट्रलला, गाडी चारही बाजूंनी चांगल्या स्टँडवर, आधी मागचं एक चाक अडवून दुसरं हाताने बरोब्बर दोन फेरे फिरवायचं आणि प्रोपेलर शाफ्ट (एक्सलला ताकद नेणारा खालचा लांब दांडा) किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोजायचं, मग पुढे हब लॉक करून, म्हणजे चाकं एक्सलला जोडून, तेच. साधा डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गोळा, जो दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतो) असेल तर एक चाक अडवल्यावर दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांना शाफ्ट जितका फिरतो तेच तुमचं प्रमाण. दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे. विकणारा कंटाळला तरी हे केल्याशिवाय हलायचं नाही.

आता कागद. आरसी हातात घ्या आणि चेसिसवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा, वायर ब्रशने घासून, मोबाइलच्या उजेडात. आकडे वेडेवाकडे, आजूबाजूला ग्राइंडर मारल्याच्या खुणा किंवा नंबरच्या जागेवर वेगळा पत्रा वेल्ड केलेला दिसला तर नमस्कार करून निघा. आरसीवर मॉडेलच्या रकान्यात फोर डब्ल्यूडी लिहिलंय का तेही बघा, कारण साध्या कॅम्परला भंगारातला पुढचा एक्सल बसवून फोर बाय फोर म्हणून विकणारे आहेत. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीपा दिसायला एकदम भारी असतात, पण बऱ्याचशा जुन्या-नव्या भागांतून जुळवलेल्या, तिथे तर कागद दहादा तपासावेत. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन इकडे स्वस्तात येतात, त्यात चांगल्याही असतात, पण इथे नव्याने नोंदणी आणि टॅक्स भरायचा असतो तो आधी धरा म्हणजे स्वस्ताई किती उरते ते कळेल.

पिकअप पिवळ्या पाटीची असेल तर ती मालवाहू गाडी. म्हणजे आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस. एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही आणि साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालवता येते, तेवढी सोय. पांढऱ्या पाटीची असेल तर १५ वर्षांनी फेरनोंदणी, फॉर्म २५, फी १ एप्रिल २०२२ ला ५००० झाली होती, आणि पर्यावरण कर वेगळा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओकडची असेल तर एनओसीचा फॉर्म २८. एम-परिवहनवर नंबर टाकून विमा, फिटनेस, टॅक्स, काळ्या यादीत आहे का हे सगळं दोन मिनिटांत दिसतं, चलनंही बघून घ्या. कागद पूर्ण झाल्याशिवाय एक नट सुद्धा खोलायचा नाही हा माझा नियम आहे, कारण खोललेली गाडी फिटनेसला नेता येत नाही.

चेसिसकडे येतो. गाडी कुठे आणि कशासाठी वापरली हे विचारा आणि मग खाली झोपा. रत्नागिरी, मालवण, श्रीवर्धन या पट्ट्यात मासळीसाठी फिरलेली पिकअप असेल तर बर्फाचं खारट पाणी हौद्यातून वर्षानुवर्षं चेसिसवर गळत असतं, तेही नेमकं मागच्या एक्सलच्या वर जिथे चेसिस कमानीसारखी उचललेली असते आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर असतात. वरून काळा रंग झक्कास, आतून पापुद्रे. ऊस, वीट, वाळू वाहिलेली गाडी असेल तर गंज कमी, पण चेसिस वाकलेली किंवा हँगरपाशी चिरलेली, आणि त्यावर पट्टी मारून वेल्डिंग केलेलं. पाटे मोजा, मागे जास्तीचे पाटे घातलेले असतील तर ओव्हरलोड झालेली आहे हे नक्की. सोलापूर, नगर, मराठवाड्याकडच्या गाड्या त्या मानाने कोरड्या असतात, मी स्वतः शक्यतो तिकडूनच घेतो, चार-पाचशे किलोमीटरचा फेरा पडला तरी चालेल.

बघायला जाताना जाड स्क्रू ड्रायव्हर, छोटा हातोडा, लोहचुंबक, टॉर्च, ओळंबा आणि खडू घेऊन जा. हातोड्याने ठोकत जायचं, चांगलं लोखंड खणकतं, कुजलेलं बद्द वाजतं, तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचायचा. चुंबक बॉडीवर फिरवायचं, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलीय. ओळंब्याचं काम सपाट फरशीवर, पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या बोल्टवरून चार बिंदू जमिनीवर उतरवायचे आणि कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण जवळपास सारखे आले तर चेसिस सरळ, पाच-सहा मिलिमीटरच्या वर फरक गेला की मी मागे फिरतो. नवीन अंडरकोटिंग मारलेली गाडी दिसली तर जास्त सावध व्हा. गंजावर रबरी कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि गंज आणखी वेगाने खातो, वरून मात्र शोरूमसारखं दिसतं.

मग इंजिन. गाडी थंड असतानाच जायचं, आधी फोन करून सांगायचं की चालू करून ठेवू नका. ऑइल टाकायचं झाकण काढून बघा, तिथून भकाभका धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, पिस्टनच्या बाजूने गॅस खाली गळतोय, म्हणजे फुल इंजिन काम धरा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, भाव करायला उपयोग होतो. रेडिएटरचं झाकण उघडून बघा, कूलंटऐवजी बोअरचं पाणी आणि तांबडा गाळ असेल तर आत काय अवस्था असेल ते कळतंच. थर्मोस्टॅट बऱ्याच गाड्यांत काढून टाकलेला असतो, मिस्त्री लोक गरम होते म्हणून काढतात, खरं कारण रेडिएटर चोंदलेला असतो. थर्मोस्टॅट परत बसवायचा आणि रेडिएटरला रॉडिंग (आतल्या नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्यायचं, इंजिन सतत थंड चालणंही लायनरला वाईटच.

डिफरन्शियलचं ऑइल बघायला विसरू नका. फिलर प्लग काढून करंगळी बुडवायची. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, बहुतेक ब्रीदर, म्हणजे एक्सलची हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड, चोंदलाय. गरम एक्सल ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. पाच मिनिटांचं काम असलेल्या ब्रीदरपायी अख्खा क्राउन-पिनियन जातो. घेतल्यावर पहिल्याच रविवारी ब्रीदरला लांब नळी लावून वर बॉनेटपर्यंत न्या.

कामाचा क्रम. इथे माझा आग्रह आहे, गाडी पूर्ण खोलून टाकू नका. खोलायला दोन रविवार लागतात, जोडायला दोन वर्षं, तोपर्यंत नट-बोल्ट हरवतात, पार्किंगवाले भांडायला येतात आणि शेवटी पोत्यांत भरलेली गाडी भंगाराच्या भावात जाते, अशा मी पुष्कळ बघितल्या. गाडी कायम चालती ठेवायची आणि एका वेळी एकच भाग घ्यायचा. आधी ब्रेक. सगळे पाइप, व्हील सिलिंडर, होज नवीन. डिझेल गाडीला ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप असतो, डीआयमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीमागे बसतो, त्याचं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं, एकाच वेळी ब्रेक कडक आणि चार्जिंग कमी झालं तर तिथेच बघा. मग स्टिअरिंग, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, पाट्यांचे बुश आणि शॅकल. जीप एक्सलच्या गाड्यांत किंग पिनची (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खुंटीची) बेअरिंग ढिली झाली की ठराविक वेगाला पुढची चाकं अशी थरथरतात की स्टिअरिंग हातात राहत नाही, लोक त्यावर स्टिअरिंग डॅम्पर लावतात, त्याने थरथर लपते, जात नाही. शिम (पातळ चकत्या) काढून बेअरिंगला नीट ताण द्यावा लागतो.

त्यानंतर वायरिंग. चिकटपट्टीचे जोड, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार, हे सगळं उपटून नीट फ्यूज बॉक्स बसवा, जुन्या गाड्या जळतात त्या इथूनच. मग ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ऑइल सील. गिअरबॉक्सला जीएल-४ आणि डिफरन्शियलला जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल, दुकानदार सगळीकडे एकच नव्वद नंबर ऑइल देतो, ते घेऊ नका, काही जीएल-५ ऑइलमधली रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात. चेसिसला वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून, कॉमनरेल असेल तर ईसीयूचा कनेक्टरही काढून, आणि ट्रक-बसच्या चेसिसचं काम करणाऱ्याकडूनच. आतल्या पोकळीत वॅक्स मारा. कोकणात जळकं ऑइल मारायची पद्धत आहे, गंज थांबतो थोडा, पण रबराचे बुश फुगतात आणि पहिल्या पावसात सगळं शेतात-विहिरीकडे वाहून जातं, मला ते पटत नाही. पत्रा काम आणि रंग सगळ्यात शेवटी, कारण तोवर दहा वेळा पाना निसटून ओरखडे पडणारच असतात.

मोठे टायर, लिफ्ट, लोखंडी बंपर, छतावर लाइटचा पट्टा हे सगळे विचारतात. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय, आणि बुल बारला, म्हणजे पुढे लावायच्या लोखंडी गार्डला, २०१७ च्या डिसेंबरपासून बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मूळ मापाची गाडी, चांगले टायर, चालू स्थितीतला लो गिअर आणि ओढायला एक दोर एवढ्यावर वेल्हे-मुळशीच्या पावसातल्या शेतवाटा आरामात होतात. मोठ्या टायरने व्हील बेअरिंग, किंग पिन आणि क्लच तिन्हीवर ताण येतो, आणि जुन्या गाडीत तेच तीन कमजोर असतात. आणखी एक, या सगळ्या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या दरम्यान तिसरा डिफरन्शियल नाही, त्यामुळं कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकायची नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मातीत ती घसरून हिशोब भागवतात, डांबरावर तो पीळ शाफ्ट आणि गिअरवर बसतो. पण महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर मुद्दाम टाकून किलोमीटरभर चालवा, ऑइल फिरतं, लिव्हर जाम होत नाही.

खर्चाचं विचारलंत. आकडा सांगणं बरोबर नाही कारण गाडीगणिक बदलतो, पण मी नेहमी असं धरतो की जेवढ्याला गाडी घेतली तेवढेच पुन्हा पहिल्या दोन वर्षांत जातील, आणि ते पैसे आधीच बाजूला नसतील तर स्वस्तातली गाडी घ्यायची, कर्ज काढून नाही. गाडी विकताना हे पैसे परत येत नाहीत, ते शिकण्याचे आणि आनंदाचे धरा. विमा थर्ड पार्टी तरी हवाच, जुन्या गाडीला पूर्ण विमा द्यायला कंपन्या का-कू करतात.

मेकॅनिकी येत नसेल तर काय. येईल, फक्त मोठं काम मिस्त्रीकडे द्या आणि शेजारी उभं राहून बघा, भाग तुम्हीच आणून द्या, खोललेले जुने भाग परत मागून घ्या. लेथ, पंप कॅलिब्रेशन, क्रँक ग्राइंडिंग ही कामं घरी होत नाहीतच. घरी पहिलं काम म्हणून मी जीप एक्सलवाल्यांना पुढच्या हबचं ग्रीसिंग करायला सांगतो, कारण त्यात जॅक लावण्यापासून ऑइल सील बसवण्यापर्यंत सगळं येतं. जॅकवर उचलून स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही, चाकाला मागे दगड. हब काढला की बेअरिंग डिझेलने धुवा, रोलरवर निळे डाग किंवा खड्डे दिसले तर बदला, नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, दुकानात तो सांगायचा. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. बसवताना चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक जड झालं की साधारण सहावा हिस्सा फेरा मागे सोडायचा, लॉक वॉशर वाकवायचा. मग चाक वर-खाली धरून हलवून बघा, खेळ नसला पाहिजे. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आल्यावर हबला हात लावा, कोमट लागला तर बरोबर बसलंय, हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेलाय, पुन्हा खोलून थोडा सोडा.